मुलांचा कायदा सांगत सोलापूरच्या मुलखात

रत्नागिरीच्या कोर्टात मी वकिली करते आणि मुलांची प्रकरणं बरीच चालवते. या कामातली एक गोष्ट मला कायम खुपते. मूल माझ्यापर्यंत पोचतं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. उरतो तो कागद आणि तारखा. म्हणून कॉलेजातली मैत्रीण शुभांगी फोनवर म्हणाली, "आमच्या जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलांना त्यांचा कायदा सांगायचाय, मोबाईलवर जे चालतं त्याविषयीचा. येतेस का आठवडाभर?" तेव्हा मी पुढचं ऐकलंच नाही. हो म्हणून मोकळी झाले. मग नवऱ्याला सांगितलं, मग तारखा बदलून घेतल्या. सोलापूर मी कधी पाहिलं नव्हतं. घाट उतरून समुद्राकडे जायची सवय असलेल्या माणसाला घाट चढून पलीकडे जायचं म्हणजे परदेशीच जाणं.

सोलापूर

सकाळी स्टँडवर उतरले आणि पहिल्यांदा जाणवलं ते आकाश. आमच्याकडे नजर कुठेही टाका, ती कुठल्यातरी डोंगराला किंवा माडाला जाऊन टेकते. इथे तिला टेकायलाच काही नाही. थंडी होती, पण कोरडी, खडखडीत. शुभांगी स्कूटर घेऊन उभी होती. हीही वकील, माझ्याहून उंच, आवाज माझ्याहून दुप्पट.

"किती वाळलीस गं! भात खाऊन खाऊन हेच होणार," ती म्हणाली आणि माझी बॅग पायाशी ठेवून सुसाट निघाली.

तिच्या घरी ताटात भाकरी आली ती पाहून मला वाटलं पापड आहे. पातळ, कडक, कडाकड मोडणारी. मी तिचा एक मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि दाढेतून असा आवाज आला, की शुभांगीची सासू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अगं, ती नुसती खायची नसती! कुस्करून दुधात टाक, न्हायतर शेंगाच्या चटणीला लाव की," त्या म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. दाढेतलं सिमेंट हललं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. पण ती शेंगदाण्याची चटणी! उखळात कुटून तेल सुटलेली, लालभडक, वर दह्याचा गोळा. ओल्या नारळाशिवाय चटणी होऊ शकते यावर माझा चाळीस वर्षं विश्वास नव्हता. तो त्या सकाळी बसला.

पहिली शाळा शहरातच होती, चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांच्या वस्तीत. शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट इतका, की प्रार्थनेलाही तोच ठेका. मुलं आपापसांत तेलुगू बोलत होती, मास्तरांशी मराठी, आणि एकमेकांची टर उडवायची असेल तर दखनी. आमच्याकडे एका वर्गात एकच भाषा असते आणि तीही मुलं जपून वापरतात. इथे तीन भाषा, आणि तिन्हीत दंगा.

मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'मूल'. विचारलं, "कायद्यात मूल कोणाला म्हणतात?"

"पाच वर्षांच्याला!" "दहा!" "दुधाचे दात पडेपर्यंत!"

"अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्ही सगळे मूल," मी म्हणाले. मिसरूड फुटलेल्या एका उंच मुलाकडे सगळ्यांनी वळून पाहिलं आणि असा हशा पिकला, की तो बिचारा बाकाखाली वाकला.

मग पोक्सो, म्हणजे लैंगिक छळापासून मुलांना वाचवणारा कायदा, समजावून सांगितला. मोबाईलवरून वाईट हेतूने मुलाच्या पुन्हा पुन्हा मागे लागणं हा गुन्हा. ओळख वाढवून त्याला फूस लावणं गुन्हा. त्याचा घाणेरडा फोटो काढणं, पाठवणं, नुसता साठवून ठेवणंही गुन्हा. तेवढ्यात मधल्या रांगेतून हात वर आला. डोक्याला स्कार्फ बांधलेली, चुणचुणीत डोळ्यांची मुलगी.

"मॅडम, लडकोंकू भी लगता क्या ये कानून? मतलब, लडके को कोई सताया तो?"

मी टाळीच वाजवली. "लागतो! मुलगा असो, मुलगी असो, कायदा दोघांचा." मागच्या बाकांवरची काही मुलं, जी इतका वेळ हे मुलींचं काहीतरी आहे म्हणून टाइमपास करत होती, ती सरळ बसली. मी वकिलीत बरेच खटले जिंकले आहेत, पण एका वर्गाची पाठ अशी सरळ होताना पाहण्याची मजा कुठल्याच निकालात नाही.

केम

दुसऱ्या दिवशी आगगाडीने केमला गेलो. करमाळा तालुक्यातलं गाव, स्टेशनाच्या आजूबाजूला ज्वारीची शेतं, आणि गावात कुंकवाचे कारखाने. एका कारखान्यापाशी थांबलो तर दारातली मांजरसुद्धा लालसर. तिथल्या बाईंनी माझ्या कपाळाला हे एवढं कुंकू लावलं आणि पुडी हातात दिली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी मिळतं, मग चौकशी, मग बघूया. इथे आधी हात धरून बसवतात आणि नाव नंतर विचारतात.

शाळेत शुभांगीने लॅपटॉप जोडला, पडदा लावला, चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि लाईट गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "आता दुपारशिवाय येत न्हाई." शुभांगीचा चेहरा पडला. तिने ती चित्रं फार कष्टाने केली होती. पण मी तर खुशीतच आले. पोरांना शाळेच्या मैदानात कडुलिंबाखाली गोळा केलं आणि गोष्ट सांगावी तसा कायदा सांगितला. मध्येच वाऱ्याने पानं पडायची, कुत्रं येऊन बसायचं, पण मुलं हलली नाहीत.

एका पोराने विचारलं, "मॅडम, त्यानं फोटू काढला न्हाय, दुसऱ्याच फोटूला आपलं तोंड चिकटवलं, तर? ते तर खरं न्हायच की."

"कायदा म्हणतो, फोटो खरा असो वा बनवलेला, तो दाखवून मुलाला धमकावलं की गुन्हा झालाच."

"आयला, मंजे कायदा हुशार हाय की!" तो म्हणाला. मास्तरांनी डोळे वटारले. मला मात्र वाटलं, कायद्याची याहून चांगली तारीफ मी कुठल्याही वकिलाच्या तोंडून ऐकलेली नाही.

माळशिरसलाही एक शाळा झाली. तिथे रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एकेक ट्रॉली अशी भरलेली, की मागून चालता डोंगरच दिसावा. आमची जीप त्यांच्यामागे इतकी रखडली, की शाळा सुटायच्या बेताला पोचलो. तरी पोरं थांबली होती. कुणीतरी वर्गात ऊस तोडून आणला होता, आणि पोक्सोवरचं ते माझं एकमेव व्याख्यान असेल जे श्रोत्यांनी ऊस चघळत ऐकलं.

एक गाव

यानंतरच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तालुकाही सांगणार नाही. ज्या मुलावर असा गुन्हा झाला आहे त्याची ओळख पटेल असं काहीही छापायला कायदा मनाई करतो, आणि त्या कायद्याचं गुणगान करत फिरणारीने तोच मोडायचा, हे बरं नव्हे. मुलीला मी इथे तेजू म्हणते. ते तिचं नाव नाही.

त्या शाळेतही तसंच झालं. गोष्टी, प्रश्न, हशा. शेवटी मी नेहमीसारखं म्हणाले, "आणि लक्षात ठेवा, फसवलं गेलेलं मूल कायद्याच्या नजरेत कधीच गुन्हेगार नसतं. कधीच." मुलं पांगली. शुभांगी वायरी गुंडाळत होती. नववीतली एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, दाराशी रेंगाळली. मी हसले तर ती आत आली आणि एकदम म्हणाली,

"मॅडम, ते बनवलेल्या फोटूचं म्हणालात ते खरं हाय का?"

"खरं आहे."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. शुभांगीने दार ओढून घेतलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मोबाईलवरच्या एका खेळात तिची एका मुलीशी मैत्री झाली होती. पुण्यातली, नववीतलीच, असं ती सांगायची. महिनोन्‌महिने गप्पा चालल्या, अभ्यासाच्या, आईच्या तक्रारीच्या. तेजूने तिला गॅदरिंगचा नऊवारीतला फोटो पाठवला. काही दिवसांनी त्याच फोटोतला चेहरा दुसऱ्या कुणाच्या उघड्या अंगाला चिकटवून परत आला. सोबत पुरुषाच्या आवाजातला निरोप होता, बापाला पाठवीन म्हणून, आणि तेव्हापासून कित्येक आठवडे धमक्या चालू होत्या. आता ताजी धमकी आली होती. येत्या रविवारी सोलापूरला नवी पेठेत ये, घरी जादा तास आहे म्हणून सांग. नाही आलीस तर हा फोटो तुझ्या बापाच्या फोनवर.

"कोणाला सांगितलंस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "दादांना कळलं तर शाळा बंद करत्याल." वडिलांना ती दादा म्हणायची. ते सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला, शनिवारी घरी यायचे.

रविवार समोर होता. मला हे सांगायला हवं, की त्या क्षणी भीती वाटली नाही. अंगात वीज खेळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी सगळं होऊन गेल्यावर पोचत आले होते. या वेळी अजून काही झालेलं नव्हतं!

मी तिच्यासमोर खाली बसले. "तेजू, आता मी जे करणार ते तुला आधी सांगते. असं काही कळल्यावर पोलिसांना सांगणं आम्हाला बंधनकारक आहे. मी गप्प बसले तर गुन्हा माझा. पण तुला ठाण्यात जावं लागणार नाही. पोलीस तुझ्याकडे येतील, बाई येतील, आणि खाकी घालून येणार नाहीत. तुझं नाव कुठे छापून येणार नाही."

"मंजे गावात कुणाला कळणार न्हाय?"

"आमच्या तोंडून तर नाहीच."

तिने नाक पुसलं. "मग आईला आधी बोलवा."

तिची आई शेतातून तशीच आली, हाताला माती, पदर खोचलेला. मला आरडाओरडीची भीती होती. तिने सगळं उभ्याने ऐकलं. मग लेकीचं डोकं पोटाशी धरलं आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "हिनं काय चोरी केलीया व्हय? मान खाली घालाया? कुटं हाय त्यो मुडदा, तेवढं सांगा."

तेजूने फोन लगेच माझ्या हातात दिला. शुभांगी म्हणाली, "काही पुसू नका. एक शब्दही नाही. हाच पुरावा आहे." तेजू रोज ते सगळं पुसून टाकायचा विचार करत होती, असं नंतर कळलं. भीतीपोटी तिने केलं नाही, ते नशीब.

घरातला जबाब

पोलीस उपनिरीक्षक बाई त्याच दिवशी आल्या. निळा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, एखाद्या विमा एजंटसारख्या. शेजारणीने विचारलं तर तेजूच्या आईने "शाळेतल्या मॅडम" म्हणून सांगून टाकलं.

कायद्याची ही कलमं मी कितीतरी वेळा कोर्टात वाचून दाखवली आहेत. जबाब शक्यतो मुलाच्या घरी, बाई अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाचा विश्वास असलेल्या माणसासमोर, मुलाच्याच शब्दांत. पण ती कलमं अशी चटईवर मांडी घालून बसलेली, हातात चहाची कपबशी घेतलेली, मी पहिल्यांदाच पाहत होते. मला इतकं भरून आलं, की उगाचच कोंबड्या हाकलायला उठले.

घोळ झाला तो तेजूचे वडील आल्यावर. आईने फोन करून घाईने बोलावलं होतं. ते दारातच ओरडले, "फोन कशाला पायजे हुता म्हणून मी आधीच सांगत हुतो! उद्यापासनं फोन न्हाय आन शाळाबी न्हाय!"

तेजू पांढरीफटक पडली. मी तोंड उघडणार, तोच उपनिरीक्षक बाईंनी कपबशी खाली ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"पाहुणं, बसा. गुन्हा त्यानं केलाय. आन शिक्षा तुमी पोरीला देताय. मग त्येला पकडून आमी काय करू?"

ते तसेच ओट्यावर जाऊन बसले, पाठ फिरवून.

बाईंनी तेजूला विचारलं, "सांगताना कोण जवळ पायजे तुला?"

"आई."

जबाब सुरू झाला. मी आणि शुभांगीही बाहेर गेलो, कारण तिथे आमचं काम नव्हतं. परसातल्या शेवग्याखाली उभ्या राहून आम्ही एकमेकींकडे न बघता शेंगा मोजल्यासारखं करत होतो. थोड्या वेळाने दारात आई आली आणि ओट्याकडे बघून म्हणाली, "ती तुमाला आत बोलावतीया."

ते उठले. बराच वेळ आत होते. आत काय झालं ते नंतर आईनेच सांगितलं. तेजू म्हणाली, शनिवारी दादा घरी आले आणि त्यांचा फोन वाजला, की ती हातातलं काम टाकून आधी पळायची. फोटो आला असेल तर आपण आधी बघावा म्हणून. दादांना वाटायचं, पोरगी किती मायाळू, बापाचा फोन आणून देती. प्रत्येक शनिवारी. आणि तिला वाटायचं, आज मी मरणार.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि तो लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. रांजणातलं पाणी तोंडावर मारलं आणि मला म्हणाले, "मॅडम, मी लई वंगाळ बोललो."

"तिला सांगा," मी म्हणाले.

"आता तोंड न्हाय मला."

हुरड्याचा रविवार

त्यानंतरचं काम पोलिसांचं होतं. तेजूला त्यात कुठेही आणलं नाही, ती गावात घरीच होती. तिच्या खात्यावरून उत्तरं पोलीस देत होते. मी उपनिरीक्षक बाईंना हळूच विचारलं, "नवी पेठेत आम्ही आलो तर?"

"मॅडम, तुमी हुरडा खायला जावा," त्या म्हणाल्या. "नवी पेठेत त्या दिवशी लई गर्दी असती."

म्हणून रविवारी शुभांगी मला अक्कलकोट रस्त्याला तिच्या मामांच्या शेतावर घेऊन गेली. उंच ज्वारी, कणसं नुकती भरलेली, आणि मधोमध शेणकुटांची आगटी पेटवलेली. कोवळी कणसं विस्तवात खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची आणि दाणे तळव्यावर. मामांची सून कानडी घरातली. तिने तळवा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "तिन्नी, तिन्नी!" मी बुचकळ्यात. मामा हसून म्हणाले, "खा म्हंती. हितं निम्मी भाषा तिची, निम्मी आमची."

कोकणात आम्ही पोपटी लावतो, मडक्यात वालाच्या शेंगा. ते वेगळंच. हा हिरवागार, दुधाळ, धुराचा वास लागलेला हुरडा, सोबत गूळ, ताक आणि तीच शेंगाची चटणी. एरवी मी आडवी होईपर्यंत खाल्लं असतं. पण माझा एक डोळा शुभांगीच्या फोनवर होता. तो मातीवर पालथा पडलेला. दर थोड्या वेळाने ती तो उलटा करून बघायची, पुन्हा पालथा. मामी म्हणाल्या, "कुणाचं लग्न ठरतंय का गं?"

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला. शुभांगी उठून उभी राहिली. ऐकत राहिली. मग अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आला! आणि सापडला!"

मी हातातली कणसं टाकून तिला मिठी मारली. राखेने माझी साडी आणि तिचा दुपट्टा दोन्ही काळे. मामींना काही सांगता येत नव्हतं, तरी त्यांनी आमच्या तोंडात गूळ घातला. चांगली बातमी दिसतेय तर गोड करा, एवढंच त्यांचं म्हणणं.

बाईंनी नंतर थोडक्यात सांगितलं. चांगला चाळिशीतला माणूस. दोन मुलांचा बाप. कापडाच्या दुकानासमोर, नव्या साड्या नेसवलेल्या पुतळ्यांपाशी, हातात चॉकलेटचा डबा घेऊन उभा होता. साध्या कपड्यांतल्या महिला पोलिसाने त्याला त्याच खोट्या मुलीच्या नावाने हाक मारली आणि तो वळला. त्याच्या फोनमध्ये आणखी मुली होत्या. त्यांच्या घरांपर्यंतही आता कोणीतरी निळ्या ड्रेसमध्ये पोचणार होतं. हे ऐकून माझा आनंद जरा वेळ थबकला, पण मावळला नाही. उलट त्याला धार आली.

नवी पेठ

मी परत निघायच्या आदल्या दिवशी तेजू, तिची आई आणि वडील सोलापूरला आले. न्यायाधीशांपुढे तिचा जबाब व्हायचा होता. मी सोबत गेले, पण काळा कोट मुद्दाम घातला नाही. बाल कल्याण समितीने नेमलेली एक ताई तिच्याबरोबर होती. खटला संपेपर्यंत ती तिची सोबतीण. साक्षीच्या वेळी तो माणूस तुला दिसणारही नाही अशी सोय असते, हे तिने तेजूला पुन्हा पुन्हा समजावलं. त्या दिवशी तर तो तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर आल्यावर तेजू म्हणाली, "जज मॅडमनी मला विचारलं, पाणी पायजे का. आदी तेच विचारलं." तिला त्याचंच अप्रूप होतं.

मग आईने पक्कं ठरवल्यासारखं सांगितलं, "आता नवी पेठेत जायाचं." मी दचकले. ती म्हणाली, "का? रस्ता काय त्या मुडद्याच्या बापाचा हाय? माज्या पोरीनं त्या रस्त्याला भ्यायचं मंजे काय!"

गेलो. माणसांच्या मुंग्या, रिक्षांचे भोंगे, सोन्याच्या दुकानांच्या काचा, बाहेर टांगलेल्या साड्यांचे झेंडे, आणि "या ताई, बघायला पैसं न्हाईत" म्हणून ओढणारे दुकानदार. तेजू सुरुवातीला आईचा हात घट्ट धरून चालत होती. बांगड्यांच्या दुकानापाशी तो सुटला. आरशासमोर तिने लाल बांगड्या हातात चढवून पाहिल्या, मग हिरव्या, मग पुन्हा लाल. मी चटणीचे पुडे घेतले, इतके, की बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही. शुभांगीने एका टॉवेलच्या दुकानात घासाघीस करताना असा आवाज लावला, की वडील पहिल्यांदाच हसले. "ह्यो टॉवेल आमच्याच कारखान्यातला हाय," त्यांनी दुकानदाराला सांगितलं, आणि मग भाव पडला.

पण बाप-लेक अजून एकमेकांशी बोलत नव्हते. रागाने नव्हे. ते तिच्याकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. ती त्यांच्या एक पाऊल मागून चालायची. आई दोघांमधून निरोप पोचवत होती, "दादांना म्हणावं उसाचा रस घ्या," "तेजूला म्हणावं चप्पल बघ." मी काही बोलायला गेले नाही. काही गोष्टींना कलम लागत नाही.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. गाडी लागायला वेळ होता. बाकावर आई, तेजू, आणि टोकाला वडील. त्यांच्या खिशातला फोन वाजला.

तेजू ताडकन उठली. सवयीने. मग आपण उठलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच उभी राहिली, हात अर्धवट पुढे. आईने माझ्याकडे पाहिलं.

वडिलांनी खिशातून फोन काढला. त्याच्याकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. मग न उघडताच तो तिच्यापुढे धरला.

"शाळेच्या ग्रुपवर कायतरी आलंय वाटतं," ते म्हणाले. "मला बारीक अक्षर दिसत न्हाय. तूच बघ की."

तिने फोन घेतला. दोन्ही हातांनी. बराच वेळ वाचत राहिली. तेवढा निरोप वाचायला इतका वेळ नक्कीच लागत नाही.

"काय हाय?" त्यांनी विचारलं.

"उद्या विज्ञानाची चाचणी हाय, दादा."

"मग हितं काय उभी राहिलीयास?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "गाडी लागली बघ. चल की, अभ्यास करायचाय."